घराचं कर्ज, चॅप्टर १३ आणि कोथरूडचा फ्लॅट

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. आम्ही टेक्सासमध्ये, ऑस्टिनजवळ राहतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये भाव ऐन चढलेले असताना ६,४०,००० डॉलरला घर घेतलं. १० टक्के आमचे, ८० टक्क्यांचं मोठं कर्ज आणि उरलेल्या १० टक्क्यांसाठी दुसरं छोटं कर्ज. गेल्या वर्षी यांची नोकरी गेली. व्हिसा टिकावा म्हणून ते माझ्यावर डिपेंडंट झाले आणि सात महिने घरी होते. आता नोकरी लागली आहे, पण पगार पहिल्यापेक्षा बराच कमी. मोठ्या कर्जाचे नऊ हप्ते थकलेत. हप्ता, प्रॉपर्टी टॅक्स आणि विमा मिळून महिन्याला ३,९५० डॉलर होतात. दोघांचे मिळून हातात साधारण ७,४०० येतात. क्रेडिट कार्डांवर ३८,००० आहेत. आमच्यासारखंच शेजारचं घर नुकतंच ४,९०,००० ला गेलं. आता कर्ज कंपनीचं पत्र आलंय : २० दिवसांत थकबाकी भरा.

मंडळाच्या गणपतीत एकांनी सांगितलं की दिवाळखोरीचा अर्ज केला की जज घराचं कर्ज घराच्या आजच्या किमतीवर आणून ठेवतात. हे खरं आहे का? यांच्या ४०१(के) मध्ये, म्हणजे निवृत्तीच्या खात्यात, ५५,००० आहेत, ते काढून हप्ते भरावेत असंही मनात येतं. कोथरूडला यांच्या आणि सासऱ्यांच्या नावावर फ्लॅट आहे, आज त्याचे सव्वा कोटीपर्यंत येतील. पैसे सगळे सासऱ्यांनी भरलेत. तो आधी बक्षीसपत्र करून सासऱ्यांच्या एकट्याच्या नावावर करावा आणि मगच अर्ज करावा, असं हे म्हणतात. ग्रीन कार्डाच्या रांगेत आहोत, त्याचीही धास्ती आहे. पुण्याला यातलं काहीच सांगितलेलं नाही.

— एक वाचक, टेक्सास

उत्तर

तुमचं पत्र वाचून आधी एकच सांगावंसं वाटतं : बक्षीसपत्र करू नका आणि ४०१(के) ला हात लावू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण या दोन गोष्टी आजच यांना सांगा. या दोन्हींतली कुठलीही केलीत, तर जे वाचवता येण्यासारखं आहे तेही हातचं जाईल.

आता मूळ प्रश्न. मंडळात ऐकलेली गोष्ट निम्मी खरी आहे, आणि तुम्हाला हवी आहे ती नेमकी खोटी बाजू. अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यातल्या चॅप्टर १३ मध्ये नियमित उत्पन्न असलेला माणूस तीन ते पाच वर्षांची परतफेडीची योजना कोर्टापुढे मांडतो. त्या योजनेत बऱ्याच तारण कर्जांच्या अटी बदलता येतात. तारणाची किंमत कर्जापेक्षा कमी असेल, तर किमतीएवढंच कर्ज तारणी धरायचं आणि वरचं बिनतारणी, असंही करता येतं. मात्र याच कायद्याच्या कलम १३२२ मध्ये एक अपवाद आहे. कर्ज फक्त तुम्ही स्वतः राहता त्या घरावर असेल, तर त्या सावकाराच्या हक्कांना योजनेतून हात लावता येत नाही. मुद्दल कमी होत नाही, व्याजदर उतरत नाही, मुदतही वाढत नाही.

१९७८ साली हा कायदा झाला तेव्हापासून हा अपवाद त्यात आहे. त्याच्या अर्थावरचा वाद १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि तो खटला तुमच्याच राज्यातला होता. डॅलसमधल्या नोबेलमन दांपत्यावर घराचं ७१,३३५ डॉलर कर्ज होतं आणि फ्लॅटची किंमत उरली होती २३,५००. त्यांचं म्हणणं असं, की किमतीइतकं कर्ज आम्ही फेडतो, वरचं बिनतारणी समजा. सगळ्या न्यायमूर्तींनी एकमताने नाही म्हटलं. घरकर्जाच्या बाजारात पैसा येत राहावा म्हणून संसदेने गृहकर्ज देणाऱ्यांना हे झुकतं माप दिलं, असं न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी आपल्या छोट्याशा स्वतंत्र टिपणात नोंदवलं.

मला हा अपवाद अन्यायाचा वाटतो, आणि मी तो उघडपणे तसाच म्हणते. समुद्रकाठच्या सुट्टीच्या घराचं कर्ज चॅप्टर १३ मध्ये किमतीवर आणता येतं, भाड्याने दिलेल्या घराचंही आणता येतं. (किमतीवर आणलेली रक्कम योजनेच्या मुदतीत फेडावी लागते, म्हणून प्रत्यक्षात ते फार थोड्यांना जमतं, हे खरं.) शेतकऱ्यांसाठी १९८६ मध्ये चॅप्टर १२ आला, त्यात त्यांच्या राहत्या घराचं कर्जही बदलता येतं. पण पगारावर जगणाऱ्या माणसाच्या डोक्यावरचं एकुलतं एक छप्पर मात्र वगळलेलं. २००८ च्या पडझडीनंतर हे बदलायचा मोठा प्रयत्न झाला. २००९ च्या मार्चमध्ये प्रतिनिधीगृहाने तसं विधेयक मंजूरही केलं. ३० एप्रिलला सिनेटमध्ये हाच बदल आणणारी सिनेटर डर्बिन यांची दुरुस्ती ४५ विरुद्ध ५१ अशी पडली. त्या दिवसापासून आजपर्यंत कायदा जिथल्या तिथे आहे. तुमच्या ओळखीच्यांनी बहुधा त्याच काळातली चर्चा ऐकली असावी आणि विधेयक पडलं हे त्यांच्यापर्यंत पोचलं नसावं.

मग चॅप्टर १३ तुमच्या कामाचा नाही का? आहे, आणि चांगलाच आहे. फक्त तो कर्ज कापत नाही, वेळ देतो. आणि तुमच्या बाबतीत वेळेखेरीज आणखी एक गोष्ट देऊ शकतो, तिच्याकडे नंतर येते.

आधी वेळेचं. अर्ज दाखल झाला त्या क्षणापासून वसुली थांबते. लिलाव, फोन, पत्रं, पगारातली कपात, सगळं. मग नऊ महिन्यांची थकबाकी ६० महिन्यांत वाटून भरायची आणि चालू हप्ता दर महिन्याला वेळेवर चालू ठेवायचा. तुमचे नऊ हप्ते म्हणजे ३५,५५० डॉलर. ६० ने भागले की महिन्याला ५९२ च्या आसपास. कर्ज कंपनी आपली वकील-फी आणि दंड त्यात घालेल, म्हणून ६५० धरा. योजनेचे पैसे गोळा करून सावकारांना वाटतो तो ट्रस्टी, त्याचं कमिशन वेगळं, ते जास्तीत जास्त १० टक्के असू शकतं. म्हणजे ३,९५० अधिक सातशेच्या घरात काहीतरी. ७,४०० मधून उरतात २,७००, आणि त्यात किराणा, गाड्या, पेट्रोल, मुलांचा खर्च आणि क्रेडिट कार्डवाल्यांना योजनेतून जे द्यावं लागेल ते. ओढाताण होईल, पण अशक्य नाही. तरीही वकिलाकडे जायच्या आधी घरी बसून गेल्या तीन महिन्यांचा खरा खर्च कागदावर उतरवा, मनातला नको. पाच वर्षं हे झेपणार नसेल तर आज घर वाचवून दोन वर्षांनी जाईल, आणि मधल्या काळातला सगळा पैसा त्यात गेलेला असेल. योजना अर्धवट मोडणारी कुटुंबं मी खूप पाहिली आहेत. मी वकील नाही, पण दिवाळखोरीचं काम करणाऱ्या कचेरीत बरीच वर्षं हेच कागद लावत आले. मोडतात त्या बहुतेक योजना पहिल्या दिवसापासूनच फार ताणून बसवलेल्या असतात.

आता दुसऱ्या, छोट्या कर्जाचं. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात आशेची जागा ही आहे, आणि तुम्ही तिच्याबद्दल काहीच विचारलेलं नाही.

नोबेलमन दांपत्याच्या घराला काही ना काही किंमत होती, म्हणून त्यांच्या कर्जाला अपवादाचं संरक्षण मिळालं. पण दुसऱ्या क्रमांकाचं कर्ज असेल आणि पहिलं कर्जच घराच्या किमतीपेक्षा मोठं असेल, तर दुसऱ्याच्या वाट्याला घरातला एक पैसाही उरत नाही. अशा वेळी ते कर्ज नावापुरतंच घरावर असतं. तुमचं राज्य ज्या पाचव्या सर्किटच्या अपील कोर्टाखाली येतं, त्याने २००० साली बार्टी खटल्यात ठरवलं, की असं पूर्णपणे बुडालेलं तारण चॅप्टर १३ मध्ये काढून टाकता येतं. मग ते कर्ज क्रेडिट कार्डाच्या रांगेत जाऊन बसतं. त्यातलं योजनेतून जेवढं देणं होईल तेवढं द्यायचं, आणि योजना पूर्ण झाली की उरलेलं माफ. घरावरचा बोजाही उतरतो.

पण इथे सगळा खेळ एका डॉलरवर येतो. घराची किंमत पहिल्या कर्जापेक्षा एका डॉलरने जरी जास्त ठरली, तरी दुसरं कर्ज पूर्णच्या पूर्ण जिवंत राहतं. म्हणून दोन आकडे पक्के हवेत. पहिला, मोठ्या कर्जाची आजची पूर्ण बाकी. स्टेटमेंटवरचं मुद्दल पुरत नाही. थकलेलं व्याज, तुमच्या वतीने कंपनीने भरलेला प्रॉपर्टी टॅक्स आणि विमा, कायदेशीर खर्च, हे सगळं धरून. तुमच्या आकड्यांवरून मुद्दल ४,८०,००० च्या पुढे असावं, आणि बाकीचं धरलं तर ५ लाखांच्या वर जायला हरकत नाही. दुसरा आकडा घराच्या किमतीचा. तो शेजारच्या विक्रीवरून किंवा घरांचे अंदाजे भाव दाखवणाऱ्या झिलो वेबसाइटवरून घेऊ नका. परवानाधारक अप्रेझर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा, बोलवा, काही शे डॉलर लागतील. त्याला घर आहे तसं दाखवा. छताचं काम राहिलंय, एसी जुना झालाय, मागच्या भिंतीला तडा गेलाय, जे असेल ते. ऑस्टिनच्या भागात २०२२ नंतर भाव खाली आले हे तुमच्या दुःखाचं कारण आहे, आणि याच ठिकाणी त्याचा उपयोग होतो. मात्र हे तारण काढणं योजना पूर्ण झाल्यावरच पक्कं होतं. मध्येच योजना मोडली तर दुसरं कर्ज पुन्हा घरावर येऊन बसतं. आणि हे चॅप्टर ७ मध्ये, म्हणजे परतफेडीची योजना नसलेल्या दिवाळखोरीत, होत नाही. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कॉल्केट खटल्यात तो दरवाजा बंद केला.

(जाता जाता इतर वाचकांसाठी : न्यू जर्सीत किंवा पेनसिल्व्हेनियात दोन कुटुंबांचं घर घेऊन एका मजल्यावर स्वतः राहणारे आणि दुसरा भाड्याने देणारे आपले बरेच लोक आहेत. तिथल्या तिसऱ्या सर्किटच्या अपील कोर्टाने २००६ मध्ये अशा घराला वरच्या अपवादाचं संरक्षण नाही असं ठरवलं आहे. तुमचं गणित वेगळं निघू शकतं, वकिलाला जरूर विचारा.)

आता तारखा. टेक्सासमध्ये घरावरची वसुली बहुतेक वेळा कोर्टात जातच नाही आणि देशात सगळ्यात वेगाने होणाऱ्यांपैकी आहे. आधी थकबाकी भरायला किमान २० दिवसांचं पत्र, तेच तुमच्याकडे आलंय. ते संपलं की लिलावाची नोटीस, किमान २१ दिवस आधी. लिलाव दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, काउंटीने ठरवून दिलेल्या जागी, सकाळी १० ते दुपारी ४ च्या दरम्यान. तिथे घर विकलं गेलं की पैसे भरून परत मिळवायची सोय साध्या गृहकर्जात नाही, आणि नंतर दाखल केलेली दिवाळखोरी घर परत आणत नाही. जे करायचं ते त्या मंगळवारच्या आधी.

आणखी एक बारीक गोष्ट. ही पत्रं सर्टिफाइड टपालाने येतात आणि ती तुमच्या हातात पडली तेव्हा नाही, तर टपालात टाकली त्या दिवशी पोचली असं कायदा मानतो. तुमचे २० दिवस पाकिटावरच्या शिक्क्यापासून मोजा. पाकीट फेकलं असेल तर कचऱ्यातून काढा. आणि पोस्टाची चिठ्ठी आली असेल तर ती घ्यायला जा. न घेतल्याने घड्याळ थांबत नाही. भीतीने पाकीट न उघडणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यावर रागावता येत नाही, पण तुम्ही तसं करू नका.

तुम्हाला अजून लिलावाची नोटीस आलेली नाही, हे फार चांगलं आहे. कारण कोर्टाबाहेरचा रस्ता अजून खुला आहे. कोर्ट जे करू शकत नाही, ते कर्ज कंपनी स्वतःहून करू शकते : हप्ता कमी करणं, मुदत वाढवणं. तुमचं कर्ज फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक या गृहकर्जं विकत घेणाऱ्या मोठ्या संस्थांकडे आहे का ते त्यांच्या वेबसाइटवर पत्ता टाकून पाहता येतं. असेल, तर फ्लेक्स मॉडिफिकेशन नावाची सोय आहे. तिचा हेतू मुद्दल-व्याजाचा हप्ता साधारण २० टक्क्यांनी खाली आणण्याचा असतो. थकबाकी मुद्दलात घालतात, मुदत ४० वर्षांपर्यंत नेतात, आणि गरज पडली तर मुद्दलाचा काही भाग बिनव्याजी बाजूला ठेवतात. तो माफ होत नाही, घर विकताना किंवा कर्ज संपताना द्यावाच लागतो. तरीही महिन्याची ओढ कमी होते. नोकरी जाऊन पुन्हा लागलेल्या तुमच्यासारख्या कुटुंबाला हे मिळण्यासारखं आहे.

संघीय नियम असा आहे, की लिलावाच्या ३७ दिवसांहून आधी पूर्ण अर्ज कंपनीच्या हाती गेला, तर त्याचा निकाल लागेपर्यंत मोठ्या कंपन्यांना लिलाव करता येत नाही. लिलावाची तारीखच ठरलेली नसताना अर्ज गेला, तर तुमची बाजू सगळ्यात भक्कम. 'पूर्ण' या शब्दावर सगळं अडतं. पगाराच्या पावत्या, दोन महिन्यांची बँक स्टेटमेंटं, टॅक्स रिटर्न, नोकरी का गेली आणि आता काय आहे याचं सहीचं पत्र. एखादं पान कमी पडलं तर कंपनी अर्ज अपूर्ण ठरवते आणि तुमचे दिवस जातात. या कामात हडची (अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याची) मान्यता असलेले गृहसल्लागार मदत करतात आणि थकबाकीच्या बाबतीत तुमच्याकडून पैसे घेत नाहीत. याच आठवड्यात त्यांच्यापैकी कुणाला तरी फोन करा. लिलावाची नोटीस काउंटीत लागली, की 'तुमचं घर वाचवतो, आधी दोन हजार द्या' म्हणणाऱ्यांचे फोन सुरू होतील. असे आगाऊ पैसे घेणं संघीय नियमाने बंद आहे. आणि कुणी घर आमच्या नावावर करा, आम्ही परत देऊ असं म्हणालं, तर फोन ठेवून द्या.

एकीकडे हा अर्ज चालू ठेवा आणि दुसरीकडे दिवाळखोरीच्या वकिलाला आत्ताच भेटा. दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत. चॅप्टर १३ चालू असतानाही कोर्टाच्या परवानगीने हप्ता बदलून घेता येतो. दिवाळखोरीच्या अर्जाआधी मान्यताप्राप्त संस्थेकडून पतसल्ल्याचं छोटं सत्र घ्यावं लागतं, ऑनलाइन होतं, ते आधीच उरकून ठेवा. कोर्टाची फी ३१३ डॉलर. वकिलाची फी बरीचशी योजनेतून देता येते. आणि पहिला हप्ता अर्जानंतर ३० दिवसांत सुरू होतो, त्यासाठी हातात पैसे हवेत. आदल्या रात्री घाईने स्वतःच अर्ज टाकून लिलाव थांबवायचा, आणि मग कागद न दिल्याने तो फेटाळला जायचा, हे कृपा करून करू नका. वर्षभरात दुसऱ्यांदा अर्ज केला तर वसुलीची स्थगिती जेमतेम ३० दिवस टिकते, ती वाढवून घ्यायला कोर्टाची समजूत घालावी लागते.

४०१(के) का काढायचं नाही? तो पैसा दिवाळखोरीतही सावकारांना हात लावता येणार नाही असा सुरक्षित आहे. तो काढलात तर आयकर आणि वर १० टक्के दंड जाऊन ५५,००० चे चाळीसच्या आसपास हातात येतील. ते कंपनीला देऊन टाकाल. घराचं दुसरं कर्ज आणि कार्डं तशीच राहतील. पुढच्या अडचणीला मग गाठीला काहीच नसेल. मी पाहिलेल्या सगळ्या चुकांमध्ये ही सगळ्यात सज्जन माणसांकडून होणारी चूक आहे. देणं चुकवायचं नाही या भावनेनेच ती होते.

आता कोथरूड. हा भाग नीट वाचा. तुमचं सगळं प्रकरण इथेच तरेल किंवा बुडेल.

अमेरिकेच्या दिवाळखोरीत तुमची मालमत्ता म्हणजे जगात कुठेही असलेली मालमत्ता. पुण्याचा फ्लॅट, गावचा सातबारा, पीपीएफ, एलआयसी, एनआरई-एनआरओ खाती, लॉकरमधलं सोनं, सगळं. अर्जावर सही शपथेवर असते. मुद्दाम लपवणं हा संघीय गुन्हा आहे आणि त्याला ५ वर्षांपर्यंत कैद आहे. 'त्यांना पुण्यातलं कसं कळणार' असं म्हणणारे भेटतात. तुमची भारतातली खाती मिळून १०,००० डॉलरच्या वर असतील, तर त्यांची माहिती तुम्ही दरवर्षी अमेरिकन सरकारला दिलेली असायला हवी. ते कागद आणि हा अर्ज शेजारी ठेवले की फरक दिसतो. ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या कुटुंबाने तर या बाबतीत केसभरही धोका पत्करू नये. दिवाळखोरीचा अर्ज करायला नागरिकत्व लागत नाही, इथे राहणं पुरतं. आणि अर्ज केला या एका कारणाने व्हिसा जात नाही की ग्रीन कार्ड नाकारलं जात नाही. फसवणुकीची शिक्षा मात्र सगळं घालवू शकते. तुमच्या इमिग्रेशनच्या वकिलालाही अर्जाआधी एकदा विचारून घ्या.

बक्षीसपत्र का नको? अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत मोबदला न घेता दिलेली मालमत्ता ट्रस्टी परत मागू शकतो, आणि सावकारांना चुकवण्यासाठी दिली असं दिसलं तर कोर्ट तुमच्या हेतूवरच बोट ठेवतं. अर्जात गेल्या दोन वर्षांतल्या देण्याघेण्याची माहिती विचारलेलीच असते. म्हणजे जी गोष्ट आज बचावाची आहे, ती बक्षीसपत्राने संशयाची होईल. तसंच, गेल्या वर्षभरात भावाचे किंवा मेहुण्याचे उसने पैसे परत केले असतील तर तेही सांगावं लागतं. नातेवाइकांना दिलेलं एक वर्षापर्यंतचं तपासतात.

आता बचाव काय ते सांगते. चॅप्टर १३ मध्ये एक कसोटी आहे : तुमची मालमत्ता आज विकली असती तर बिनतारणी सावकारांना जेवढं मिळालं असतं, तेवढं तरी योजनेतून मिळालंच पाहिजे. यांचा निम्मा हिस्सा खरा धरला तर तो साठ लाखांचा, म्हणजे सत्तर हजार डॉलरच्या आसपास. ६० महिन्यांत महिन्याला हजाराच्या वर. तुमच्या पगारात ते बसत नाही, योजनाच उभी राहणार नाही. पण यांचं फक्त नाव असेल आणि पैसा, ताबा, घरपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स सगळं सासऱ्यांचं असेल, तर नुसतं कागदोपत्री नाव दिवाळखोरीत मालमत्ता म्हणून मोजलं जाऊ नये, अशी बाजू वकील मांडू शकतो. कायद्यात त्याला आधार आहे. भारतात २०१६ नंतर बेनामीचा कायदा कडक झाला, पण वडिलांनी आपल्या कमाईच्या ज्ञात पैशातून मुलाबरोबर संयुक्त नावाने घेतलेलं घर त्या कायद्यात वगळलेलं आहे. म्हणजे खरं सांगितल्याने सासरे तिथे अडचणीत येतील ही भीतीही नको. हे पुण्याच्या वकिलाकडून लेखी घ्या. इथला ट्रस्टी भारतीय कायदा आपल्या मनाने गृहीत धरणार नाही, त्याला कागद लागेल.

आणि म्हणूनच पुण्याला सांगावं लागणार आहे. लागणारे कागद सासऱ्यांच्याच कपाटात आहेत : खरेदीखत, इंडेक्स टू, बिल्डरला दिलेल्या पैशांच्या पावत्या, त्यांच्या ज्या खात्यातून पैसे गेले त्या काळातलं पासबुक, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, घरपट्टीच्या पावत्या. त्यांच्याकडून हे काहीही कारण न सांगता मागवणं म्हणजे त्यांना अंधारात ठेवून त्यांच्याच घराचा प्रश्न सोडवणं. त्यांना ते कळेल तेव्हा तुमच्या कर्जापेक्षा याचंच जास्त लागेल. यांनी स्वतः फोन करावा. तुम्ही नाही, मुलाने करावा. नोकरी गेली होती, हप्ते थकले, घर वाचवायचा कायदेशीर रस्ता धरतोय, आणि तुमचा फ्लॅट तुमचाच आहे हे दाखवायला तुमची मदत हवी. एवढंच. आपल्याकडे दिवाळं या शब्दाला जो कलंक आहे, त्याच्या ओझ्याखाली तुम्ही दोघं वर्षभर एकटे वावरलात. इथल्या कोर्टात समोर बसणारी माणसं बहुतेक अशीच असतात, नोकरी गेलेली, आजारपण आलेलं, घटस्फोट झालेला. ट्रस्टीपुढची भेट सहसा थोड्या मिनिटांची असते. ती हल्ली व्हिडिओवर होते आणि तिथे कुणी तुमची लाज काढत नाही.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेक घरांत असतं म्हणून सांगते. पुण्याला औषधपाण्यासाठी महिन्याला काही पाठवत असाल तर तेही खर्चात दाखवा. स्वतःचा खर्च भागवू न शकणाऱ्या वृद्ध किंवा आजारी आईवडिलांसाठीचा वाजवी खर्च कायदा धरतो. डॉक्टरांची चिठ्ठी आणि पैसे पाठवल्याच्या पावत्या जोडा.

घर ठेवायचंच का, हाही प्रश्न दोघांनी एकदा निवांत बोलावा. अप्रेझलमध्ये किंमत पहिल्या कर्जापेक्षा जास्त निघाली आणि दुसऱ्या कर्जाचं तारण काढून टाकता आलं नाही, किंवा कोथरूडचा हिस्सा यांचाच धरला गेला, तर पाच वर्षं स्वतःला पिळून जे घर वाचवाल त्यावर किमतीपेक्षा जास्त कर्ज उरेल. अशा वेळी घर सोडून देणं हा हिशेबाने बरोबर निर्णय असू शकतो. फक्त लिलावात पैसे कमी आले तर उरलेल्यासाठी टेक्सासमध्ये दोन वर्षांपर्यंत दावा होऊ शकतो, आणि दुसऱ्या कर्जाचा सावकार वेगळा उभा राहील. म्हणून सोडायचं तरी वकिलाला विचारून, योजनेतून सोडा. चाव्या टेबलावर ठेवून निघून जाऊ नका. मुलांची शाळा बदलावी लागू नये म्हणून त्याच भागात भाड्याचं घर आधी बघा. चॅप्टर १३ ची नोंद क्रेडिट रिपोर्टवर साधारण ७ वर्षं राहते. काही घरमालक ती पाहून मागे सरतात, काही जास्तीचं डिपॉझिट घेऊन देतात.

उद्या सकाळी पाकिटावरची तारीख पाहा, गृहसल्लागाराला फोन करा, आणि पुण्यात रात्र व्हायच्या आत यांना बाबांशी बोलू द्या. अप्रेझलचा आकडा आणि कर्जाची पूर्ण बाकी हातात आली की मला पुन्हा लिहा. दुसऱ्या कर्जाचं काय होऊ शकतं ते त्या दोन आकड्यांवरून सांगता येईल, आणि वकिलाला नेमकं काय विचारायचं तेही.